स्वतःचं छोटं विमान: घेताना काय बघायचं, आत काय बसवायचं आणि ते कसं जपायचं

विमान घ्यायचं ठरलं की सगळे आधी जाहिराती उघडून बसतात, स्पीड किती, पॅनलमध्ये स्क्रीन किती, रंग कसा, मग त्यातलं एखादं मनात भरतं आणि पुढे माणूस फक्त त्याच्या बाजूची कारणं गोळा करत बसतो. कृपा करून असं करू नका. आधी तुमचं स्वतःचं पायलट लॉगबुक काढा आणि मागच्या दोन वर्षांतली उड्डाणं नीट बघा, एकटे किती वेळा उडालात, सोबत एकजण किती वेळा होता, तिघं-चौघं किती वेळा, एका टप्प्यात किती लांब गेलात, धावपट्टी डांबरी होती का गवताची आणि किती लांबीची. हे सगळं कागदावर उतरवलं की बहुतेकांचं चित्र एकच निघतं, एक किंवा दोन माणसं, तास-दीड तास, दिवसाउजेडी, चांगली हवा. विमान त्या उड्डाणांसाठी घ्यायचं. वर्षातून एकदा चौघांनी लांब जायचं असेल तर तेवढ्यापुरतं मोठं विमान भाड्याने घ्या, बाकीचे ५१ आठवडे सहा सिलिंडरच्या इंजिनाचं पेट्रोल आणि देखभाल कशाला पोसायची.

हे इतकं कळकळीने सांगतोय कारण छोटं विमान उडून जेवढं झिजतं त्याहून जास्त उभं राहून खराब होतं. परवडतं म्हणून दर आठवड्याला उडणारं साधं विमान हे खर्चाच्या धास्तीने दोन-दोन महिने झाकून ठेवलेल्या भारी विमानापेक्षा जास्त निरोगी असतं. निवड असो, सामान असो, देखभाल असो, मी सगळीकडे हाच निकष लावतो की यामुळे विमान जास्त उडणार आहे का कमी.

सीट चार म्हणजे माणसं चार नव्हेत

सेसना १७२ एन घ्या. कमाल वजन १०४३ किलो. एखाद्या विमानाचं रिकामं वजन ६६० किलो आहे असं धरू, म्हणजे माणसं, सामान आणि इंधन मिळून ३८३ किलो उरले. त्यात वापरता येणारं इंधन साधारण १५१ लिटर, एव्हगॅसचं, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचं, वजन लिटरला ०.७२ किलोच्या आसपास, म्हणजे टाक्या भरल्या की १०९ किलो तिथेच गेले. उरले २७४. ८५ किलोची तीन मोठी माणसं बसली की २५५, आणि मग एक लहान बॅग. चौथा माणूस घ्यायचा तर इंधन कमी करावं लागतं, आणि इंधन कमी केलं की टप्पा कमी होतो. हा हिशोब प्रत्येक विमानाचा वेगळा, आणि तो माहितीपत्रकावरून करायचा नाही तर त्याच विमानाच्या वजन आणि बॅलन्सच्या कागदावरून करायचा. तो कागद सुद्धा तीस वर्षांपूर्वीचा असेल आणि मधल्या काळात दोनदा रंग, नव्या वायरी, नवे रेडिओ झाले असतील तर विमान परत काट्यावर चढवून घ्या, बहुतेक वेळा ते कागदापेक्षा जडच भरतं.

आता विमानांबद्दल थोडं, सगळी नाही, मला महत्त्वाची वाटतात तीच.

दोनच माणसं असतील तर सेसना १५० किंवा १५२ अजूनही चांगली. १५० मध्ये कॉन्टिनेन्टलचं १०० हॉर्सपॉवरचं ओ-२००, १५२ मध्ये लायकमिंगचं ओ-२३५. आत खांद्याला खांदा लागतो, दोन धिप्पाड माणसं आणि फुल्ल टाक्या हे जमत नाही, पण पेट्रोल कमी खातं आणि कुठल्याही मेकॅनिकला त्याचा स्क्रू न् स्क्रू माहीत असतो. १७२ चं मोठेपण पण तेच आहे. १९५६ पासून ४४ हजारांच्या वर बनली, त्यामुळे पार्ट मिळतो, माहीतगार माणूस मिळतो आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळतं. १९६८ च्या आधीच्या १७२ मध्ये सहा सिलिंडरचं कॉन्टिनेन्टल ओ-३००, नंतर लायकमिंग ओ-३२०. १९७७ पासूनच्या एन मॉडेलमध्ये ओ-३२० चा एच२एडी नावाचा प्रकार आला, त्याच्या कॅम आणि टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, त्रास बराच गाजला, १९८१ च्या पी मॉडेलमध्ये इंजिन बदललं. एच२एडी बघून पळून जायची गरज नाही, पण अशा विमानाचा मालक ते नियमित उडवत होता का हे दुप्पट बारकाईने विचारा.

पायपरची पीए-२८ म्हणजे चेरोकी, वॉरियर, आर्चर ही मंडळी, १९६१ पासूनची. पंख खाली, दार एकच आणि ते उजवीकडे. सेसना १७२ च्या इंधनाच्या सिलेक्टरवर दोन्ही टाक्या एकत्र चालवायची जागा असते, यात नसते, डावी नाहीतर उजवी. घड्याळ लावून टाकी बदलायची सवय अंगात भिनवावी लागते, एक टाकी भरलेली असताना दुसरी कोरडी पडून इंजिन बंद झाल्याचे अपघात झालेले आहेत. बाकी जमिनीवर बसायला हे विमान फार समजूतदार, चाकं जराशी रुंद, वाऱ्यात कमी डगमगतं.

चाकं आत घेणारी विमानं, बोनान्झा, मूनी, ॲरो, यांचा स्पीड खरंच सुंदर असतो, मी नाकारत नाही. पण त्या स्पीडबरोबर चाकांच्या गिअरची मोटर किंवा हायड्रॉलिक, स्विच, दरवर्षी विमान जॅकवर उचलून चाकं वर-खाली करून बघणं, जास्तीचा विमा हे सगळं येतं. व्ही आकाराच्या शेपटीच्या बोनान्झाच्या मागच्या हलत्या पृष्ठभागांचा पत्रा मॅग्नेशियमचा असतो, तो गंजला तर बदली मिळवणं अवघड. मूनीच्या टाक्या म्हणजे पंखच, आतून सीलंट लावलेला, तो म्हातारा झाला की गळती आणि गळती काढणं म्हणजे मोठं काम. दीड-दोन तासांच्या टप्प्यात वीस-तीस नॉट्सनी वाचतात किती मिनिटं ते एकदा मांडून बघा आणि मग ठरवा.

हल्ली रोटॅक्स ९१२ लावलेली हलकी विमानं बरीच दिसतात, ८० किंवा १०० हॉर्सपॉवर. हे इंजिन वेगळ्या स्वभावाचं आहे, सिलिंडर हवेने थंड होतात पण हेड पाण्याने, इंजिन ५८०० आरपीएमपर्यंत फिरतं आणि मध्ये गिअरबॉक्स असतो म्हणून पंखा, म्हणजे प्रोपेलर, सावकाश फिरतो. त्याला शिसं नसलेलं पेट्रोल मानवतं, सतत शिशाचं एव्हगॅस घातलं तर ऑइल लवकर बदलावं लागतं. रबराचे सगळे पाईप आणि भाग दर ५ वर्षांनी बदलायचे असतात आणि घेताना नेमकं हेच काम थकलेलं असतं, ते विचाराच. आणि आपल्या विमानतळावर रोटॅक्स जाणणारा मेकॅनिक आहे का तेही. जन्मभर लायकमिंग उघडणारा माणूस हुशार असला तरी कार्ब्युरेटरची जोडी सिंक्रोनाइझ करणं त्याला येतंच असं नाही.

घ्यायच्या आधीची तपासणी

इथे घाई केली की पुढची पाच वर्षं त्याची भरपाई करण्यात जातात. पहिला नियम, तपासणारा मेकॅनिक तुमचा हवा, जो ते विमान आजवर सांभाळत नव्हता आणि ज्याने त्या जातीची विमानं भरपूर उघडली आहेत. दुसरा, मेकॅनिक बोलवायच्या आधी लॉगबुकं तुम्ही स्वतः वाचा. पहिल्या पानापासून. विमानाचं, इंजिनाचं आणि पंख्याचं. त्यातले सिरियल नंबर प्लेटवरच्या नंबराशी जुळवा. एअरवर्दीनेस डिरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेसाठी सरकारने बंधनकारक केलेली कामं, ज्याला सगळे एडी म्हणतात, त्यांची यादी काढून प्रत्येकासमोर कधी आणि कशा पद्धतीने पूर्ण केला हे लिहिलेलं आहे का बघा. नुसतं सगळे एडी पूर्ण असं एका ओळीत लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. मालकी आणि कर्जाचे कागद आपापल्या देशाच्या नोंदणी कार्यालयातून पडताळा.

लॉगबुक वाचताना बेरीज-वजाबाकी करत जा. जाहिरातीत लिहितात ओव्हरहॉलनंतर, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधल्यानंतर, फक्त ४०० तास, आणि तो ओव्हरहॉल निघतो १८ वर्षांपूर्वीचा. म्हणजे वर्षाला २२ तास. ओ-३२० साठी लायकमिंग ओव्हरहॉलची मर्यादा २००० तास सांगते पण त्याच वाक्यात १२ वर्षं पण सांगते, हे लोक सोयीने विसरतात. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो, इंजिन बंद पडून राहिलं की ऑइल निथळून खाली जातं आणि कॅम उघडा पडतो, ओल धरतो, त्यावर गंजाचे बारीक ठिपके येतात, मग टॅपेट त्या ठिपक्यांवर घासत राहतो आणि लोखंडाचे कण ऑइलमध्ये. ओ-२०० आणि ओ-३०० मध्ये कॅम खाली असतो म्हणून त्यांना हा त्रास तुलनेने कमी. मला विचाराल तर १४०० तास झालेलं पण दर आठवड्याला उडणारं इंजिन मी त्या ४०० तासवाल्यापेक्षा आधी घेईन.

पंखा कधी कशाला आपटला होता का हा प्रश्न थेट विचारा आणि उत्तर लॉगबुकात शोधा. इंजिन हळू फिरत असताना पंखा जमिनीला लागला तरी तो धक्का क्रँकशाफ्टपर्यंत जातो, लायकमिंगसाठी तर पंखा आपटल्यावर क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरची तपासणी एडीनेच बंधनकारक केलेली आहे. पंखा बदलला आणि इंजिनाबद्दल एक ओळही नाही असं दिसलं तर तिथेच थांबा.

कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनावर होते. ८० पीएसआय हवा आत सोडतात आणि सिलिंडर किती धरून ठेवतो ते बघतात, ७४ वर ८० वगैरे. आकड्यापेक्षा हवा कुठून निसटते ते ऐका. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरच्या बाजूने आली तर इनटेक, ऑइल भरायच्या नळीतून आली तर पिस्टन रिंग. आणि बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा फोटो काढायला लावा. चांगल्या व्हॉल्व्हवर रंगाची वर्तुळं एकात एक सारखी असतात, जळायला लागलेल्या व्हॉल्व्हवर कडेच्या एकाच बाजूला वेगळा डाग दिसतो. आज कॉम्प्रेशन ६५ आलं आणि दहा तास उडून परत घेतलं की ७३ आलं असं होऊ शकतं, फोटोतला डाग असा बदलत नाही.

मग गंज. पंखाच्या आत टॉर्च आणि आरसा घेऊन, जमिनीच्या पॅनलखाली, बॅटरीच्या पेटीखाली, बिजागऱ्यांत, कंट्रोलच्या केबल पुलीवरून वळतात तिथे. ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर, रंगाखाली फुगे किंवा किड्याने खाल्ल्यासारख्या रेषा, पत्र्याचे पापुद्रे. रिव्हेटच्या मागे काळा ओघळ दिसला तर तो रिव्हेट सैल होऊन घासतोय. विमान समुद्राजवळ राहिलेलं असेल तर हे सगळं दुप्पट बघा. पीए-२८ असेल तर पंखाच्या मुख्य स्पारच्या, म्हणजे आतल्या मुख्य तुळईच्या, बोल्टची भोकं एडी करंट नावाच्या विजेच्या चाचणीने (हा एडी वेगळा) तपासली आहेत का ते विचारायचंच. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला एका प्रशिक्षण विमानाचा पंख तिथल्या फटिग क्रॅकमुळे, म्हणजे वारंवार ताण पडून गेलेल्या तड्यामुळे, उडतानाच तुटला, दोघे गेले, आणि त्यानंतर त्या तपासणीचा एडी निघाला. सेसना असेल तर सीटचे रूळ बघा, पिनेची भोकं झिजून लांबट झाली असतील तर टेकऑफला नाक वर होताच सीट मागे सरकते आणि पायलट नकळत योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पकडून ओढतो. यावर पण एडी आहे आणि तो दरवर्षी करायचा असतो.

मी एकदा नव्या रंगावर जवळजवळ भाळलो होतो, विमान आरशासारखं चमकत होतं. माझ्या मेकॅनिकने पंखाखालच्या तपासणीच्या झाकणांकडे बोट दाखवलं, स्क्रूच्या खाचा रंगाने भरलेल्या, आणि रंग होऊन त्यानंतर दोन ॲनुअल, म्हणजे वार्षिक तपासण्या, झाल्याची नोंद होती. म्हणजे दोन वर्षं ती झाकणं कोणी उघडलीच नव्हती. शिवाय रंगानंतर एलेरॉन आणि एलिव्हेटर, म्हणजे पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या, परत बॅलन्स केल्याचा कागद नव्हता, आणि ते चुकलं तर हवेत फ्लटर, म्हणजे त्यांची बेफाम थरथर, होऊ शकतो. ते विमान सोडलं. तपासणीचे पैसे गेले, पण तपासणी त्याचसाठी असते.

शेवटी उडवून बघा, किमान तासभर. हात सोडल्यावर एका बाजूला झुकतं का, ऑइलचं तापमान आणि प्रेशर कुठे स्थिर होतं, रन-अपला, म्हणजे टेकऑफआधी इंजिन तपासताना, प्लगला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो एकेक बंद केल्यावर आरपीएम किती पडतो. १७२ एनच्या पुस्तकात १२५ पेक्षा जास्त नको आणि दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको असं आहे. उतरल्यावर लगेच काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून बघा काय ओलं झालंय.

पैशाबद्दल एकच सांगतो. विमानाच्या किमतीइतकी ऐपत असून पुरत नाही, हँगर, विमा आणि ॲनुअल हे विमान उडो न उडो लागतातच, आणि इंजिनाच्या ओव्हरहॉलचा अंदाजे खर्च भागिले २००० एवढी रक्कम प्रत्येक उडालेल्या तासाला बाजूला टाकायची. जुनं इंजिन घेतलं असेल तर उरलेल्या तासांनी भागायचं. हे एकट्याला झेपत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून घ्या, खर्च वाटला जातो आणि विमान जास्त उडतं, म्हणजे त्याचंही भलं. फक्त कोण किती भरणार, बाहेर पडायचं असेल तर काय, कोणाकडून नुकसान झालं तर काय हे मैत्री गोड असतानाच लिहून सह्या करून ठेवा.

आत काय बसवायचं

नवीन मालक पहिलं काम पॅनलचं काढतो. माझं म्हणणं पहिलं वर्ष विमान आहे तसं उडवा, काय खरंच कमी पडतं ते कळू दे. अपवाद जीव वाचवणाऱ्या गोष्टींचा, त्या पहिल्या आठवड्यात.

सगळ्यात आधी खांद्याचे पट्टे. जुन्या विमानांत नुसता कमरेचा पट्टा असतो आणि हळू वेगाच्या आपटीत सुद्धा डोकं पॅनलवर जातं. बहुतेक जातींसाठी मंजूर किट मिळतात. दुसरं, कार्बन मोनॉक्साइडचा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. केबिनचा हीटर म्हणजे सायलेन्सरभोवतीचं पत्र्याचं आवरण, आतल्या सायलेन्सरला तडा गेला की तोच वायू गरम हवेबरोबर तुमच्या तोंडावर येतो आणि त्याला ना वास ना रंग. रंग बदलणारी कागदी चकती लवकर निकामी होते आणि ती बदललीय कोण बघणार, आवाज करणाराच घ्या. तिसरं, ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी, म्हणजे अपघातानंतर आपोआप मदतीचा सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर. जुना १२१.५ वाला अजून विमानात असेल तर हे लक्षात घ्या की उपग्रहांनी ती फ्रिक्वेन्सी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ ला बंद केलं. नवा ईएलटी तुमच्या नावावर नोंदवा आणि बॅटरीची तारीख लिहून ठेवा. आणि हाताला येईल असा अग्निशामक.

त्यानंतर माझ्या यादीत स्क्रीन नाही, इंजिन मॉनिटर आहे. प्रत्येक सिलिंडरच्या हेडचं आणि एक्झॉस्टचं तापमान वेगवेगळं दाखवणारा आणि साठवून ठेवणारा. कारखान्यातून आलेल्या जुन्या विमानात फार तर एका सिलिंडरला एक सेन्सर असतो, बाकी तीन काय करतायत ते देवाला माहीत. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांना हेडची कमाल मर्यादा ५०० फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस, पण ती मर्यादा आहे, राहायची जागा नव्हे, मी २०० सेल्सिअसच्या आसपास राहायला बघतो, चढताना वर जायला लागलं की नाक खाली करून वेग वाढवतो. मॉनिटरचा डेटा महिन्यातून एकदा उतरवून बघितला की अडकू लागलेला व्हॉल्व्ह, बुजलेला प्लग, तुटलेलं बॅफल (हवा सिलिंडरकडे वळवणारा पत्रा) हे कानाला कळायच्या कितीतरी आधी दिसतं.

मग रेडिओ आणि ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र, आणि इथे तुमचा देश काय मागतो ते आधी बघा. युरोपात ८.३३ किलोहर्ट्झवाला रेडिओ लागतो, अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बऱ्याच हवाई हद्दीत एडीएस-बी आऊट, म्हणजे विमानाने आपली जागा स्वतः प्रक्षेपित करत राहणं. इंटरकॉम आणि हेडसेट चांगले घ्या, खरखर ऐकत दोन तास उडणं थकवतं आणि कंट्रोलरचं बोलणं चुकतं. व्हॅक्यूम पंपावर चालणारे जायरो, म्हणजे विमानाचा कल आणि दिशा दाखवणारी उपकरणं, असतील तर कोरडा पंप काही न सांगता मरतो हे धरून चाला, गार्मिन जी५ सारखं बॅटरी असलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवलं की ती काळजी जाते आणि जुना पंप, पाईप काढून टाकले तर वजनही उतरतं. ऑटोपायलट एकट्याने लांब उडणाऱ्याला खरा आधार आहे, फक्त तो बंद कसा करायचा याचा सराव तो चालू करण्यापेक्षा जास्त करा.

काम देताना दोन गोष्टी लिहून द्या, जुन्या मेलेल्या वायरी कापून सोडायच्या नाहीत तर काढायच्या, आणि अँटेनासाठी पत्र्याला भोक पाडलं तर आतून मजबुतीची पट्टी लावायची. काम झाल्यावर नवा वजन-बॅलन्सचा कागद आणि मंजुरीचे कागद हातात पडल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.

सांभाळणं

आठवड्यातून एकदा, निदान पंधरा दिवसांतून एकदा उडवा, आणि असं उडवा की ऑइल ८० सेल्सिअसच्या वर जाऊन तासभर तिथे राहील, तेव्हा आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. जमिनीवर दहा मिनिटं चालू करून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, जळणातून पाणी तयार होतं आणि तापमान पुरेसं नाही म्हणून ते आतच राहतं. पंखा हाताने फिरवून ऑइल पसरतं हा पण समज आहे, कॅमला त्यातून काही मिळत नाही, आणि मॅग्नेटोची ग्राउंड वायर तुटलेली असेल तर किल्ली बंद असताना सुद्धा इंजिन फुरफुरू शकतं. पंख्याजवळ कायम तो आत्ता फिरणार आहे असं समजूनच वावरा, मुलांनाही हेच शिकवा. दोन-तीन महिने उडणं शक्यच नसेल तर प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल आणि ओल शोषणारे प्लग वापरून इंजिन रीतसर झोपवा.

ऑइल. लायकमिंगचं सांगणं फिल्टर असेल तर ५० तास, नुसती जाळी असेल तर २५ तास, आणि दोन्ही बाबतीत ४ महिने, जे आधी येईल ते. कमी उडणाऱ्यांनी ते ४ महिने ठळक लिहून ठेवा. काढलेला फिल्टर फेकायचा नाही, कटरने उघडायचा, कागदाच्या घड्या पसरून उजेडात बघायच्या, लोहचुंबक फिरवायचं. बारीक एक-दोन कण चालतात, चुंबकाला चमचमणारा चुरा चिकटला तर उडू नका, मेकॅनिकला दाखवा. दर वेळी थोडं ऑइल प्रयोगशाळेला पाठवा, एका रिपोर्टवरून काही ठरत नाही पण चार-पाच रिपोर्ट ओळीने ठेवले की लोखंड चढतंय का ते कळतं.

यातलं बरंच स्वतः करता येतं. अमेरिकेत काय, युरोपात काय, ऑइल, टायर, प्लग, बॅटरी अशी ठराविक कामं पायलट-मालकाला करून सही करायची मुभा आहे, तुमच्या देशाची यादी काढा आणि पहिल्या वेळी प्रत्येक काम मेकॅनिकच्या डोळ्यांदेखत करा. प्लग काढल्यावर कुठला कुठल्या सिलिंडरचा, वरचा का खालचा हे लावून ठेवायचं, खालच्या प्लगमध्ये शिशाचे गोळे जमतात. प्लग हातातून फरशीवर पडला तर तो वापरायचा नाही, आतलं सिरॅमिक फुटलेलं बाहेरून दिसत नाही. जमिनीवर टॅक्सी करताना इंधन-हवेचं मिश्रण पातळ ठेवलं तर हे शिसं मुळातच कमी साठतं. मॅग्नेटो ५०० तासांनी उघडून तपासायचे, हे काम मात्र दुकानाचं.

टाकीतलं पाणी. एव्हगॅस हलकं, पाणी जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि निचऱ्याच्या व्हॉल्व्हमधून काढता येतं. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर, थोडं थांबून, सगळ्या ठिकाणांहून काढा आणि ग्लास उजेडाला धरा. १००एलएल, म्हणजे नेहमीचं एव्हगॅस, निळं दिसलं पाहिजे. पूर्ण ग्लासच पाणी असेल तर मध्ये रेघ दिसत नाही आणि स्वच्छ वाटतं, म्हणून रंग आणि वास दोन्ही बघा. इंधन भरताना स्वतः उभं राहायचं, पिस्टन इंजिनात जेट फ्यूल पडलं तर ते टेकऑफनंतरच कळतं. पाणी वारंवार निघत असेल तर टाकीच्या झाकणाचं रबर बदला.

पंख्याची पुढची कड दर वेळी बोटाने चाचपा. दगडाने पडलेली छोटी खाच तिथेच तडा सुरू करते, मेकॅनिक ती कानशीने गुळगुळीत करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे पण ते ढकलू नका. खडीवर रन-अप करू नका. काच कधी कोरड्या फडक्याने पुसू नका, पेट्रोल नको, घरातला अमोनियावाला काचेचा स्प्रे तर अजिबात नको, ती काच नसून प्लास्टिक आहे, आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून घालवा आणि मग हाताने किंवा मऊ फडक्याने वर-खाली. चाकाच्या स्ट्रटचा (धक्के झेलणाऱ्या दांड्याचा) चकचकीत भाग पुसून ठेवा, धुळीने त्याची सील कापली जाते.

उभं करताना पिटो, म्हणजे वेग मोजणारी नळी, झाकून ठेवा, टाकीचे व्हेंट आणि इंजिनाची तोंडं पण, गांधीलमाशी पिटोच्या नळीत एका दुपारीत माती भरते आणि पक्षी काउलिंगच्या आत घरटं करतात, जे वरून डोकावून दिसत नाही. उंदरांकडे दुर्लक्ष करू नका, त्यांचं मूत्र ॲल्युमिनियम खातं. झाकणांना लाल फीत लावा आणि मोजून काढा.

एक वही ठेवा. लॉगबुक कायद्यासाठी असतं, ही वही तुमच्यासाठी. किती ऑइल घातलं, कुठल्या टायरची हवा कमी होते, सकाळी पहिल्यांदा चालू करताना इंजिन अडखळतं का. लायकमिंगमध्ये असं थंड असताना अडखळणं आणि मग सुरळीत होणं याला मॉर्निंग सिकनेस म्हणतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्यात, अडकायला लागल्याची ती खूण आहे, आणि तेव्हाच गाइड साफ केला तर काम छोटं असतं, व्हॉल्व्ह हवेत अडकला तर पुशरॉड वाकतो. मेकॅनिककडे जाताना नुसतं काहीतरी आवाज येतो म्हणण्यापेक्षा वहीतली तारीख, तापमान, आरपीएम दाखवलं की त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

आणि ॲनुअल झाल्यावर विमान परत घेताना सगळ्यात जास्त सावध राहा, कारण त्या दिवशी ते सगळीकडून उघडून परत जोडलेलं असतं. माझ्या विमानाची ट्रिम, म्हणजे शेपटीवरचा छोटा टॅब हलवून योकवरचा जोर कमी करणारी यंत्रणा, एकदा अशीच उलटी जोडली गेली होती, ट्रिमचं चाक खाली फिरवलं की टॅब नको त्या दिशेला जात होता, आणि ते जमिनीवर सापडलं कारण मी टॅबजवळ उभा होतो आणि आतला सोबती चाक फिरवत होता. तेव्हापासून प्रत्येक कंट्रोल मी असाच तपासतो, नुसतं मोकळं हलतं का एवढं नाही तर योक डावीकडे केला की डावा एलेरॉन वरच जातो ना. झाकणांचे स्क्रू, ऑइलची टोपी, काउलिंगमध्ये विसरलेली टॉर्च किंवा फडकं, सर्किट ब्रेकर, इंधनाचा सिलेक्टर, सगळं. मग दिवसाउजेडी, चांगल्या हवेत, एकट्याने वर जायचं आणि धावपट्टीच्या डोक्यावरच अर्धा तास घिरट्या घालायच्या, उतरायचं, काउलिंग काढून प्रत्येक जोडावर टॉर्च मारून बघायची, कुठे ऑइल नाही, कुठे निळा डाग नाही, सगळं कोरडं दिसलं की मग घरच्यांना फोन करायचा की या.